१०,०००ची पॉवर बँक फोन दोनदा भरत नाही: फसलात का, आणि परत करायची का?

प्रश्न थोडक्यात असा. १०,००० एमएएचची (मिलिअँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचं माप) लहान, खिशात मावणारी पॉवर बँक घेतली. फोनची बॅटरी ५,००० एमएएच. हिशोबाने फोन दोनदा भरायला हवा; प्रत्यक्षात एकदा भरला आणि दुसऱ्या वेळी चाळीस टक्क्यांच्या आसपास बँक बंद पडली. खोक्यावर २२.५ वॉट लिहिलंय, तरी फोनवर फास्ट चार्जिंग उमटत नाही. परत करायला चार दिवस उरलेत. रोज बदलापूर ते सीएसएमटी लोकल, पावसाळ्यात अधूनमधून ट्रेक, डिसेंबरात एक विमानप्रवास. ही परत करून २०,०००ची घ्यावी का?

क्षमतेच्या बाबतीत तुम्ही फसलेले नाही. एकदा पूर्ण आणि वर चाळीस टक्के हा चांगल्या बँकेचाच आकडा आहे. वेगाची तक्रार मात्र खरी असू शकते. पण दोष बँकेचा, केबलचा की फोनचा हे न तपासता परत कराल, तर पुढची बँकही तोच अनुभव देईल. म्हणून चार दिवस आहेत ते तपासणीत घालवा.

आधी क्षमतेचा हिशोब, कारण सगळा घोळ तिथे आहे. खोक्यावरचे १०,००० एमएएच हे आतल्या सेलचे असतात, आणि सेलचा व्होल्टेज असतो साधारण ३.७. फोनकडे जाणारी वीज मात्र ५ किंवा ९ व्होल्टने जाते. व्होल्टेज न सांगता नुसते एमएएच सांगणं म्हणजे पोती किती ते सांगायचं आणि एका पोत्यात किलो किती ते लपवायचं. खरी ऊर्जा वॉट-अवरमध्ये मोजतात. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर; त्याला गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ३७ वॉट-अवर. तुमच्या बँकेच्या पाठीमागे बारीक अक्षरात हा ३७चा आकडा बहुतेक छापलेला असेल. तिथे ३८.५ दिसला तरी गोंधळू नका, काही सेलचा नाममात्र व्होल्टेज ३.८५ असतो.

या ३७ पैकी सगळे बाहेर येत नाहीत. ३.७चे ५ किंवा ९ व्होल्ट करणारं सर्किट स्वतः तापतं आणि त्यात १० ते १५ टक्के जातात. चांगल्या बँकेतून ३२च्या आसपास बाहेर पडतात. आता फोन. ५,००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९.४ वॉट-अवर मावतात (३.८७ व्होल्ट धरून). पण फोनही ९ व्होल्ट आत घेऊन पुन्हा ४च्या आसपास उतरवतो, स्वतः तापतो, शिवाय चार्ज होताना चालू असतो. म्हणून शून्यापासून शंभरपर्यंत न्यायला बाहेरून २२ वॉट-अवर तरी द्यावे लागतात. ३२ भागिले २२ म्हणजे जेमतेम १.४५. तुम्हाला मिळाले १.४. या बँकेची तक्रार नोंदवलीत तर विक्रेता हाच हिशोब तुमच्यासमोर ठेवेल, आणि तो बरोबर असेल.

खोक्याच्या मागच्या बाजूला किंवा बँकेच्या पोटावर ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून आणखी एक आकडा असतो. १०,०००च्या बँकेवर तो ५,५०० ते ६,५००च्या दरम्यान दिसतो, आणि शेजारी कंसात ५ व्होल्ट, ३ अँपिअर असं काहीतरी. प्रत्यक्ष बाहेर मिळणारा आकडा तो. दुकानात उभं राहून दोन बँकांची तुलना करायची असेल तर समोरचे मोठे १०,००० सोडून द्या, हे दोन रेटेड आकडे शेजारी ठेवा. ६,२०० लिहिणारी आणि ५,५०० लिहिणारी यांत आठवा हिस्सा फरक आहे, किंमत सारखी असली तरी. ज्या खोक्यावर वॉट-अवरही नाही आणि रेटेड क्षमताही नाही, ती बँक हातात घेऊन पुढे बघण्यासारखं काही उरत नाही.

छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा का? यासाठी सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. लिथियमच्या सेलमध्ये ठरावीक वजनात ठरावीक ऊर्जाच मावते, त्यात चलाखी चालत नाही. पॉवर बँकेत वापरल्या जाणाऱ्या चांगल्या चपट्या पाउच सेलमध्ये किलोला २५० वॉट-अवरच्या आसपास बसतात, म्हणजे ३७ वॉट-अवरला नुसते सेलच दीडशे ग्रॅमच्या घरात. त्यावर बोर्ड, प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमचं कवच. खरी १०,०००ची बँक बहुधा १८० ते २३० ग्रॅम भरते. गोल सेलवाल्या बँकेत २१७०० जातीचे दोन सेल, प्रत्येकी ५,००० एमएएच आणि साधारण ७० ग्रॅम, किंवा १८६५०चे तीन सेल, प्रत्येकी पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस ग्रॅम. हिशोब तिथेच येतो. कोणी ‘२०,००० एमएएच, वजन फक्त १६० ग्रॅम’ म्हणून विकत असेल तर आत ७-८ हजारांपेक्षा जास्त काही असू शकत नाही. उलटी चलाखीही चालते: वजन वाढवायला आत लोखंडी पट्टी किंवा वाळूची पुडी घातलेले नग बाजारात सापडले आहेत. म्हणून वजन नुसत्या सेलच्या वजनापेक्षाही बरंच कमी भरलं तर बँक खोटी, बरोबर भरलं तर पुढे मोजायची.

मोजायला यूएसबी मीटर लागतो. अंगठ्याएवढं यंत्र, बँक आणि केबल यांच्या मध्ये लावायचं. व्होल्ट, अँपिअर, एमएएच आणि वॉट-अवर दाखवतं. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. घेताना दोन्हीकडे टाइप-सी असलेला आणि पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरची फास्ट चार्जिंगची पद्धत) समजणारा घ्या, नाहीतर त्याच्यामधून फास्ट चार्जिंग सुरूच होत नाही आणि तुम्ही बँकेला दोष देत बसता.

मोजणी अशी करा. नवी बँक कारखान्यातून अर्धी-पाऊण भरून येते, तेव्हा आधी ती पूर्ण भरा. चारही दिवे स्थिर झाल्यावर अजून अर्धा तास लावून ठेवा, कारण शेवटचे काही टक्के फार हळू भरतात. मग तासभर थंड होऊ द्या. मीटर शून्यावर आणा आणि ५ व्होल्टवर २ अँपिअरचा भार लावा. यासाठी रेझिस्टरचा छोटा लोड (वीज घेऊन उष्णतेत घालवणारं यंत्र) मिळतो, तोही स्वस्त. तो दहा वॉटने धगधगतो, म्हणून लादीवर किंवा स्टीलच्या ताटलीत ठेवा. चादरीवर ठेवलात तर डाग नक्की, आग नशिबावर. बँक आपोआप बंद पडेपर्यंत सव्वातीन तास जातील, तेवढा वेळ घरातच थांबा. मीटरवरचे वॉट-अवर ३७ने भागा. ८५ ते ९० टक्के आले तर उत्तम. ८० म्हणजे ठीक, किंमत कमी असेल तर चालून जाईल. ७५च्या खाली आले तर एकदा पुन्हा मोजा, आणि पुन्हा तेच आले तर परत करा.

इथे लोक हमखास दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक म्हणजे मीटरवरचे एमएएच वाचणं. ५ व्होल्टवर ६,४०० एमएएच आणि ९ व्होल्टवर ३,५०० एमएएच ही जवळपास तेवढीच ऊर्जा आहे. एमएएच पाहणारा घाबरतो, वॉट-अवर पाहणारा घाबरत नाही. दुसरी चूक म्हणजे लोडऐवजी फोन लावून मोजणं आणि फोन भरत आल्यावर बँक बंद पडली की ‘संपली’ समजणं. बहुतेक बँका बाहेर जाणारा प्रवाह ५०-१०० मिलिअँपिअरच्या खाली गेला की स्वतःला बंद करतात, सेलमध्ये वीज शिल्लक असली तरी. बटण दाबून दिवे बघितले की कळतं. इअरबड आणि घड्याळं काही बँकांवर मिनिटभर चार्ज होऊन थांबतात तीही याच कारणाने. अशांसाठी कमी प्रवाहाचा वेगळा मोड असतो, बहुधा बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून सुरू होतो, माहितीपत्रकात बघा.

मीटर घ्यायचा नसेल तर फोनवरच ढोबळ चाचणी होते. फोन १० टक्क्यांवर आणा, विमान मोडवर टाका, स्क्रीन बंद, आणि ८०पर्यंत भरा. ७० टक्के लिहून ठेवा. फोन वापरून पुन्हा १०वर आणा, पुन्हा भरा. बँक संपेपर्यंत मिळालेले टक्के मिळवत जा. ५,०००च्या फोनला एकूण १३५ ते १५० यायला हवेत. पण फोन किती जुना आहे हे लक्षात घ्या. तीन वर्षं वापरलेल्या फोनची बॅटरी झिजून ८५ टक्क्यांवर आलेली असली तर तिचा ‘शंभर टक्के’च लहान झालेला असतो, आणि तीच बँक त्या फोनवर १६०-१७० टक्के देताना दिसते. जुन्या फोनवर प्रत्येक पॉवर बँक चांगली वाटते. तुमचा फोन नवा असेल तर तुमचे १४० टक्के चोख आहेत.

आता २२.५ वॉट. आपल्याकडच्या लहान बँकांवर हा आकडा सर्रास दिसतो आणि सर्वांत जास्त दिशाभूल करतो. २२.५ वॉट हा मुळात ह्वावे या चिनी कंपनीच्या फोनसाठीच्या एका चार्जिंग पद्धतीचा आकडा आहे: १० व्होल्ट २.२५ अँपिअर, किंवा ५ व्होल्ट ४.५ अँपिअर. तो फोन तुमच्याकडे नसेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही. बाकीच्या फोनना त्याच बँकेतून पीडी पद्धतीने २० वॉट (९ व्होल्ट, २.२२ अँपिअर) किंवा क्वालकॉमच्या क्विक चार्जने १८ वॉट (९ व्होल्ट, २ अँपिअर) मिळतात, आणि यातलं काहीच जुळलं नाही तर ५ व्होल्टवर १० वॉटच्या आसपास.

म्हणून समोरचा मोठा आकडा सोडा आणि आउटपुटची ओळ वाचा. टाइप-सी आउटपुटसमोर ‘९ व्होल्ट २.२२ अँपिअर’ असेल तर पीडी आहे. ‘पीपीएस’ लिहून शेजारी ३.३ ते ११ व्होल्ट अशी पट्टी दिली असेल तर व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलण्याची सोयही आहे. सॅमसंगच्या २५ वॉटच्या फोनना ‘सुपर फास्ट’ दाखवायला पीपीएसच लागतं, ते नसेल तर नुसतं ‘फास्ट’. आयफोनला साधं पीडी पुरतं. वनप्लस, ओप्पो, रियलमी, विवो यांच्या स्वतःच्या पद्धती आहेत. त्यांच्या चार्जरवर ६७ किंवा ८० वॉट घेणारा फोन परक्या बँकेवर मॉडेलनुसार १० ते १८ वॉटवर उतरतो. काही नवे फोन पीपीएसवर यापेक्षा बरंच जास्त घेतात. तुमच्या फोनचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, आणि इथलं उत्तर संपूर्णपणे त्यावर अवलंबून आहे.

फोन बदलता येत नाही, पण केबल येते, आणि निम्म्या वेळा दोष तिथेच निघतो. बँकेसोबत वीतभर लांबीची केबल येते, एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी-ए. त्या केबलने त्या भोकातून पीडी येतच नाही. टाइप-सीच्या फोनला पीडी फक्त टाइप-सीच्या भोकातून, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने येतं. तेव्हा पहिली तपासणी हीच: सी-टू-सी केबल लावा, बँकेच्या टाइप-सी भोकात, फोन २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान, स्क्रीन बंद, फोन गार. दोन मिनिटांत फोनवर काय उमटतं ते बघा. फोन ८०च्या पुढे असेल, किंवा गाणी-नकाशा चालू राहून तापला असेल, तर तो स्वतःच प्रवाह कमी करतो. तेव्हा कुठलीही बँक मंदच वाटते.

केबलच्या आतली तारही बघायला हवी. स्वस्त मीटरभर केबलमध्ये वीजवाहक तार बहुधा २८ गेजची असते (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). जाताना-येताना मिळून तिचा रोध ०.४ ओहमच्या पुढे जातो, आणि २ अँपिअरला त्यात जवळजवळ ०.८५ व्होल्ट गळतात. ५पैकी ४.१५ व्होल्ट फोनपर्यंत पोचले तर फोन प्रवाह आखडता घेतो. २४ गेजची तार असेल तर गळती ०.३५च्या आत राहते. बाहेरून वेणी घातलेली जाडजूड केबल आतून बारीक असू शकते, त्यामुळे जाडीवर जाऊ नका. ‘३ अँपिअर’ किंवा ‘६० वॉट’ लिहिलेली, शक्य तितकी आखूड घ्या. लोकलमध्ये खिशातल्या बँकेसाठी वीत-दीड वीत पुष्कळ होते, आणि कोणाच्या बॅगेत अडकून भोक सैल होण्याची भीतीही कमी.

वेगाचा एक मुद्दा दोन भोकांच्या बँकेत नेहमी लपलेला असतो. खोक्यावरचे वॉट एकाच उपकरणाचे असतात. दुसरं काही जोडलं, अगदी इअरबडची डबीसुद्धा, की बहुतेक लहान बँका दोन्ही भोकांना ५ व्होल्टवर उतरवतात आणि एकूण १५ वॉट वाटून देतात. तुम्ही दोन्ही एकदम लावून बघितलं असेल तर फास्ट न दिसण्याचं कारण तेच.

हा फरक तुमच्यासाठी किती मोलाचा? बदलापूरहून सीएसएमटीला दीड तासाच्या आसपास. त्यातला पाऊण तास बँक लावता आली, तर १८ वॉटने फोन पन्नास-साठ टक्के भरतो, १० वॉटने तीस-पस्तीस. रोजच्या वापरात तुम्हाला क्षमतेपेक्षा हा वेग जास्त उपयोगी पडेल. ट्रेकला उलट: रात्री तंबूत फोन लावून झोपायचं असेल तर १० वॉट उत्तम, बँक कमी तापते आणि एकूण ऊर्जाही थोडी जास्त मिळते. कारण साधं आहे. बाहेर १८ वॉट द्यायचे तर ३.७ व्होल्टच्या सेलमधून साडेपाच अँपिअर ओढावे लागतात. सेल उतरत ३.३ व्होल्टवर आले की सहाच्या पुढे. शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांत लहान बँका म्हणूनच आपोआप वेग कमी करतात. तो बिघाड नाही.

बँक स्वतः किती वेळात भरते हे खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही आणि नंतर सगळे वैतागतात. ३७ वॉट-अवर सेलमध्ये जायला बाहेरून ४२-४३ लागतात. इनपुट ५ व्होल्ट २ अँपिअरच असेल तर पाच-सहा तास, १८ वॉटचं पीडी इनपुट असेल तर साधारण तीन. इनपुटची ओळ वेगळी छापलेली असते, ती वाचा. ‘आउट’ २२.५ आणि ‘इन’ १० अशी जोडीही मिळते. जुना मायक्रो यूएसबीचा इनपुट असलेली बँक आता घेण्यात अर्थ नाही.

सुरक्षेचं बघायला घरात प्रयोगशाळा लागत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकेला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) सक्तीची नोंदणी लागते. बँकेवर मानक क्रमांक, बहुधा आयएस १३२५२ (भाग १), आणि ‘आर’ अक्षरानंतर आठ आकडे असा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाका. समोर कारखान्याचं नाव, वस्तूचा प्रकार आणि ब्रँड येतो. कारखान्याचं नाव ब्रँडपेक्षा वेगळं असणं साहजिक आहे, माल दुसऱ्याकडून बनवून घेतात. पण वस्तू ‘पॉवर बँक’ऐवजी ‘ॲडॅप्टर’ निघाली, ब्रँड यादीत नसला किंवा क्रमांक रद्द दाखवला, तर त्याच दिवशी परत.

नोंदणी असली म्हणजे कायमची निश्चिंती असं मात्र नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या बँकाही परत मागवल्या जातात. अँकरने जून २०२५मध्ये अमेरिकेत ए१२६३ या मॉडेलच्या सुमारे ११.५८ लाख बँका आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. २०१६पासून विकलेला माल होता आणि मॉडेल १०,०००चंच, लहान आकाराचं. म्हणून बँकेच्या पोटावरचं मॉडेल आणि सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. छपाई वर्षभरात पुसली जाते, आणि पुसलेल्या बँकेचं काहीच तपासता येत नाही.

घरच्या तपासणीत तापमान बघा. १८-२० वॉटवर अर्धा तास चालल्यावर लहान बँक कोमट ते गरम होणारच. ४०-४५ अंश ठीक. हातात धरवत नाही इतकी, म्हणजे पंचावन्नच्या पुढे, तापली तर नको. उष्णता सगळीकडे सारखी असावी. एकाच कोपऱ्यात, भोकाजवळ चटका बसत असेल तर कनेक्टर सैल आहे किंवा टाका कच्चा आहे. बँक काचेवर ठेवून हलकं दाबून बघा: सपाट बसायला हवी. डगमगत असेल, किंवा मधली शिवण केसभर उघडली असेल, तर सेल फुगायला लागलाय. फुगलेली बँक चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. ती ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेटू शकते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा ब्रँडच्या संकलन ठिकाणी द्या.

पावसाळी ट्रेकसाठी: झिप असलेली प्लास्टिकची पिशवी पुरते. भोकात पाणी गेलं तर पूर्ण वाळेपर्यंत केबल लावू नका, कारण ओल्या पिनांवर व्होल्टेज आला की त्या हिरव्या-काळ्या पडतात आणि मग भोक कायमचं अडखळतं. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, उलट भोकात कोंडा जातो. झटकून पंख्याखाली दिवसभर ठेवा.

आता २०,०००चं. तिच्यात ७४ वॉट-अवर, फोनला पावणेतीन ते तीन वेळा. वजन साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम. रोज लोकलमध्ये खिशात हे वागवणार नाही कोणी. पंधरा दिवसांनी ती घरीच राहते आणि ऐन वेळी रिकामी असते. तुमच्या रोजच्या गरजेला १०,००० पुरेशी आहे. दोन रात्रींच्या ट्रेकला दोघांचे फोन आणि हेडलँप असतील तर २०,०००चा विचार करा, किंवा १०,०००ची दुसरी घ्या. दोन लहान बँकांचा माझ्या मते फायदा जास्त: एक भिजली किंवा हरवली तर दुसरी राहते, आणि रात्री दोन्ही एकदम भरता येतात. फोनच्या पाठीला चुंबकाने चिकटणारी ५,०००ची वायरलेस बँक हा तिसरा पर्याय, दिसायला छान; पण बिनतारी पद्धतीत पुष्कळ ऊर्जा उष्णतेत जाते, आणि १८.५ वॉट-अवरच्या बँकेतून आयफोनसारखा लहान बॅटरीचा फोनही एकदा पूर्ण भरेल याची खात्री नाही. तुमच्या ५,०००च्या फोनला ती अर्ध्याच्या आसपास भरेल.

विमानासाठी १०,००० आणि २०,००० दोन्ही चालतात. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, म्हणजे ३.७ व्होल्टने साधारण २७,००० एमएएच; १०० ते १६०च्या दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते. बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. वॉट-अवरचा छापील आकडा वाचता आला पाहिजे, पुसला असेल तर सुरक्षा तपासणीत ठेवून घेऊ शकतात. आणि विमानात बसल्यावर ती वापरता येईल असं धरू नका: सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५पासून आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५पासून प्रवासात पॉवर बँकेचा वापर बंद केला आहे, इतरही अनेक कंपन्या त्याच वाटेने गेल्यात. निघण्याआधी तुमच्या कंपनीचा नियम बघा आणि फोन घरून भरून न्या.

तर हे चार दिवस असे वापरा. आज वजन करा, मागची छपाई वाचा, नोंदणी क्रमांक तपासा. याला दहा मिनिटं लागतात. आजच रात्री बँक पूर्ण भरा आणि किती तास लागले ते लिहा. उद्या चांगल्या सी-टू-सी केबलने वेग बघा, एकच उपकरण जोडून. परवा मीटरवर किंवा टक्के मिळवून क्षमता. वजन, नोंदणी आणि क्षमता ठीक निघाली आणि केबल बदलल्यावर फास्ट उमटलं, तर बँक ठेवा; बदलायची होती ती केबल. सगळं ठीक असून फास्ट उमटलंच नाही, आणि तुमच्या फोनला पीपीएस लागतं असं त्याच्या माहितीपत्रकातून कळलं, तर ही परत करून पीपीएसवाली १०,०००चीच घ्या.

परत करताना ‘दोनदा चार्ज होत नाही’ असं कारण लिहू नका, ते टिकणार नाही. खोक्यावर छापलेली आउटपुटची ओळ आणि मीटरवर किंवा फोनवर दिसणारी स्थिती एकाच फोटोत घ्या. नोंदणी क्रमांक जुळत नसेल तर ॲपच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा. बँक निम्मीच भरून परत पाठवा, पूर्ण भरलेली नको, आणि खोकं बंद करण्याआधी बँकेत केबल खोचलेली राहिली नाही ना ते बघा.